गणपतीचं मस्तक आणि सुश्रुताचं नाक: पुराणकथा शब्दशः घ्यायच्या की रूपक म्हणून?

२५ ऑक्टोबर २०१४ रोजी गिरगावातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या उद्घाटनात पंतप्रधान नरेंद्र मोदी म्हणाले, की माणसाच्या धडावर हत्तीचं डोकं बसवणारा कुणी प्लास्टिक सर्जन त्या काळी असला पाहिजे. कर्ण आईच्या उदरातून जन्मला नाही, म्हणजे जनुकशास्त्रही असणार, असंही ते म्हणाले. त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी कालिन्याला, मुंबई विद्यापीठात, इंडियन सायन्स काँग्रेस भरली आणि तिथे प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला. दोन्ही वेळा जो गदारोळ उठला त्यात दोनच आवाज मोठे होते. एक म्हणत होता, सगळं जसंच्या तसं घडलंय. दुसरा म्हणत होता, सगळ्या भाकडकथा आहेत. मध्येच कुणी समजूतदार माणूस ‘अहो, ते रूपक आहे’ म्हणून वाद मिटवू पाहतो. पण रूपक कशावरून, असं विचारलं की तोही गप्प बसतो.

हा प्रश्न आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि तो सोडवायच्या रीतीही ठरलेल्या आहेत. याज्ञिकांनी, वेदातल्या शब्दांची व्युत्पत्ती सांगणाऱ्या निरुक्तकारांनी, काव्यशास्त्र्यांनी त्या घासूनपुसून तयार केल्या. आजच्या वादात त्यांचा उपयोग जवळजवळ कुणीच करत नाही, ना या बाजूचे, ना त्या.

आधी शब्द नीट करून घेऊ

शब्दशः अर्थ म्हणजे वाक्य जे सांगतं तेच मानणं: हनुमानाने समुद्र उडून ओलांडला, म्हणजे उडूनच ओलांडला. रूपकार्थ म्हणजे सांगितलं एक, सुचवलं दुसरं. लोक या दोनांवरच थांबतात, पण आणखी दोन शक्यता असतात. एक, घडलेल्या गोष्टीवर पुढच्या पिढ्यांनी थर चढवले असतील. दोन, जी सगळ्यात जास्त वेळा लागू पडते आणि सगळ्यात कमी आठवते, ती अशी, की कथा घडलेलं सांगायला आलेलीच नसते. एखाद्या विधीचं, व्रताचं, स्थळाचं महत्त्व पटवायला ती येते. तिला शास्त्रात ‘अर्थवाद’ म्हणतात. हा शब्द पुढे लागेल.

‘दादर आलं’ हे कुणी शब्दशः घेत नाही

लोकलमध्ये दाराशी उभा असलेला माणूस ओरडतो, ‘चला, दादर आलं.’ दादर कुठून येणार? ते आपल्या जागीच आहे, आलो आपण. तरी डब्यातला एकही माणूस गोंधळत नाही. असं का होतं, याचं उत्तर काव्यशास्त्रात अकराव्या शतकातल्या मम्मटाने तीन अटींत दिलंय. पहिली, सरळ अर्थ अडला पाहिजे (स्टेशन चालत येत नाही). दुसरी, नव्या अर्थाचा मूळ अर्थाशी संबंध हवा (गाडी आणि स्टेशन). तिसरी, तसं बोलण्याची रूढी तरी हवी किंवा काही हेतू तरी हवा. तिन्ही जमल्या तरच सरळ अर्थ सोडायचा. याला लक्षणा म्हणतात आणि तिचं ठरलेलं उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असं आहे. प्रवाहावर वाडा उभा राहत नाही, म्हणून ‘गंगेच्या काठी’ हा अर्थ घ्यायचा आणि ‘गंगेवर’ म्हटल्याने वाड्याला आलेला गारवा व पावित्र्य हा हेतू धरायचा.

या तीन अटी दोन्ही बाजूंना कापतात. सरळ अर्थ उघड अडत असताना तोच धरून बसणारा पहिल्या अटीवर नापास होतो. पण ‘दादर आलं म्हणजे आयुष्याचा मध्य आला’ असं सांगणाराही नापासच, कारण दुसरी आणि तिसरी अट त्याने पाळलेली नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारी निम्मीअधिक ‘गूढ रहस्यं’ या दुसऱ्या जातीची असतात.

यज्ञात चांदी का द्यायची नाही

वेदवाक्यांचा अर्थ कसा लावायचा याचं शास्त्र म्हणजे मीमांसा. जैमिनीची सूत्रं आणि त्यावरचं शबरस्वामींचं भाष्य हे तिचे आधार. या लोकांपुढे अडचण फार व्यावहारिक होती. वेदात ‘हे कर’, ‘हे करू नको’ अशी वाक्यं आहेत, पण त्यांच्या मध्ये कथाही आहेत. त्यांचं काय करायचं?

यजुर्वेदाच्या तैत्तिरीय संहितेतली एक कथा घ्या. देवांनी आपलं धन अग्नीकडे ठेवायला दिलं. अग्नी ते घेऊन पळाला. देवांनी त्याला गाठून धन परत घेतलं तेव्हा तो रडला, आणि जे अश्रू गळाले त्यांची चांदी झाली. म्हणून यज्ञात चांदी दक्षिणा म्हणून देऊ नये. जो देतो त्याच्या घरी वर्षाच्या आत रडारड होते.

आता, चांदी खरंच अश्रूंपासून बनते का, हा प्रश्न मीमांसक विचारतच नाहीत. ते विचारतात, या कथेच्या शेवटी कोणती आज्ञा आहे? आज्ञा सापडली: चांदी देऊ नये. कथा त्या निषेधाला जोर देण्यासाठी आहे. ती खोटी नाही आणि इतिहासही नाही. ती आज्ञेच्या मागे उभी आहे. हाच अर्थवाद.

अर्थवादाचे त्यांनी तीन भाग पाडले आणि त्यात खरी मेख आहे. वाक्य उघड अनुभवाच्या विरुद्ध जात असेल तर त्यातून गुण तेवढा घ्यायचा: ‘यज्ञातला खांब सूर्य आहे’, म्हणजे तूप माखल्याने तो सूर्यासारखा चमकतो. वाक्य माहीत असलेलंच सांगत असेल, उदाहरणार्थ ‘अग्नी हे थंडीवरचं औषध’, तर ती नुसती पुनरुक्ती. आणि विरोधही नाही, आधी माहीतही नाही, तर आहे तसं घ्यायचं. इंद्राने वृत्रावर वज्र उगारलं हे त्यांचं उदाहरण. म्हणजे परंपरेने सगळं रूपकात ढकललेलं नाही. सरळ अर्थ हा पहिला हक्कदार. त्याला बाजूला सारायचं तर कारण द्यावं लागतं.

वृत्र म्हणजे ढग की असुर?

मीमांसकांनी आहे तसा घेतलेला हाच वृत्र त्यांच्या कितीतरी आधी वादात सापडला होता. यास्काचं निरुक्त हा इसवी सनापूर्वीचा ग्रंथ आहे. त्यात प्रश्न येतो, वृत्र कोण? यास्क दोन मतं शेजारी शेजारी ठेवतो. निरुक्तकार म्हणतात ढग. ऐतिहासिक, म्हणजे कथांना घडलेला इतिहास मानणारे, म्हणतात त्वष्ट्याचा मुलगा असलेला असुर. पुढे तो सांगतो की पाणी आणि वीज एकत्र येऊन पाऊस पडतो, त्याचीच वर्णनं युद्धाच्या उपमेने केलेली आहेत. अश्विनीकुमारांबद्दल तर चार मतं नोंदवली आहेत: द्यावा-पृथिवी, दिवस-रात्र, सूर्य-चंद्र, आणि ऐतिहासिकांच्या मते दोन पुण्यवान राजे.

या नोंदींत एकही पक्ष दुसऱ्याला नास्तिक किंवा अंधश्रद्ध म्हणत नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्या टीव्हीवरच्या चर्चांनी एवढं जरी उचललं तरी पुष्कळ झालं.

कृती आणि कथा यांतला फरक

आता गणपतीच्या मस्तकाकडे येऊ. प्राचीन भारतात प्लास्टिक सर्जरी होती का? होती. पण ती पुराणात नाही, सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळाव्या अध्यायात आहे, आणि तिचं लिखाण कसं आहे ते पाहिलं की वाद अर्धा मिटतो.

तुटलेल्या नाकाच्या मापाचं झाडाचं पान घ्या. त्या मापाने गालाची कातडी उचला, पण ती लोंबती, जोडलेली राहू द्या. नाकाचा उरलेला भाग खरवडा. कातडी चटकन तिथे बसवून नीट बांधा. आत दोन नळ्या घाला आणि नाक उचलून धरा. वरून पतंग नावाच्या झाडाचं लाकूड, ज्येष्ठमध आणि अंजन यांची भुकटी भुरभुरा. पांढऱ्या कापसाने झाका, तिळाचं तेल पुन्हा पुन्हा शिंपडा, रोग्याला तूप पाजा. नाक आखूड राहिलं तर वाढवा, मांस जास्त वाढलं तर सारखं करा.

इथे माप आहे, साहित्य आहे, क्रम आहे आणि काय बिघडू शकतं तेही आहे. मूळ भागापासून कातडी पूर्ण तोडायची नाही ही सूचनाच सगळं सांगते: तोडली तर रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरते. ही गोष्ट हात चालवलेल्या माणसालाच कळते. ही विद्या पुढेही चालू राहिली. १७९३ मध्ये पुण्याजवळ कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीने पुन्हा बसवलं गेलं आणि १७९४ मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं वर्णन छापून आलं. तिकडच्या शल्यविशारदांनी ते वाचून ही रीत उचलली.

आता शिवपुराण उघडा. शंकर सांगतात, उत्तरेला जा, पहिला जो भेटेल त्याचं डोकं आणा. एकदंत हत्ती भेटतो. डोकं धडाला जोडतात, मंत्राने भारलेलं पाणी शिंपडतात, मुलगा उठून बसतो. सुई नाही, धागा नाही, पट्टी नाही. साधन कोणतं ते पोथीच सांगते: मंत्रजल. कथेचा शेवट कुठे होतो? गणपतीला अग्रपूजेचा मान मिळतो आणि चतुर्थीच्या व्रताचा विधी येतो. मीमांसकाच्या नजरेने पाहिलं तर हा सरळ अर्थवाद आहे. यात शस्त्रक्रिया शोधणारा माणूस पोथी शब्दशः घेतोय असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात मंत्रजल काढून तिथे तो आपल्या पदरचा सर्जन बसवतो. आणि त्या नादात खरा सुश्रुत, ज्याचं नाव जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात घेतलं जातं, तो मागे पडतो.

विमानांचंही असंच झालं. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा दाखला दिला जातो त्यात कृती असल्यासारखी भाषा आहे, म्हणून ते तपासता आलं. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच जणांनी १९७४ मध्ये ते तपासलं. ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि त्यातली यानं उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष निघाला.

शब्दशः, पण कुठल्या पोथीतलं?

‘आमच्या ग्रंथात लिहिलंय’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारावा. शिवपुराणात गणपती पार्वतीच्या अंगच्या मळापासून होतो आणि शंकर त्याचं डोकं उडवतात. ब्रह्मवैवर्त पुराणात शनीची दृष्टी पडून डोकं जातं आणि विष्णू हत्तीचं डोकं आणतो. दोन्ही एकाच वेळी शब्दशः खरी असू शकत नाहीत. पुराणिकांनाही हे दिसत होतं. शिवपुराणच ही कथा सुरू करताना शनीची कथा मान्य करून सांगतं की कल्पभेदामुळे जन्मकथा वेगवेगळ्या आहेत, ही श्वेतकल्पातली. वेगळा कल्प म्हणजे वेगळं युगचक्र. एवढ्या मोठ्या मनाने विरोध पचवणारी परंपरा ‘हेच एक खरं’ म्हणून भांडायला वापरली जाते, याला काय म्हणावं!

अहल्येची शिळा झाली हे आपण सगळे जाणतो. वाल्मीकीच्या बालकांडात मात्र शिळा नाही. ती वायू भक्षून, राखेत पडून, कुणाला न दिसता तप करते. शिळा नंतरच्या कथनांतून आली. महाभारत सांगणारे व्यास आणि लिहिणारा गणपती ही जोडी घराघरांत आहे, पण पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात शेकडो हस्तलिखितं ताडून जी चिकित्सक आवृत्ती काढली, तिच्या मुख्य संहितेत हा प्रसंग नाही. तो परिशिष्टात गेला. आपण ‘शब्दशः’ म्हणतो तेव्हा पुष्कळदा आजीने सांगितलेली, कीर्तनात ऐकलेली किंवा रविवारी सकाळी टीव्हीवर पाहिलेली आवृत्ती मनात असते.

जे रूपक असतं ते बहुधा स्वतःच सांगतं

एकनाथांचं ‘विंचू चावला’ ऐकून कुणी डॉक्टरला बोलावत नाही. ‘काम क्रोध विंचू चावला’ असं नाथ स्वतःच सांगून टाकतात. उताराही सत्त्वगुणाच्या अंगाऱ्याचा. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या आरंभी गणपतीचं अख्खं शरीर वाङ्मयाचं केलं: अकार पाय, उकार पोट, मकार मस्तक, सहा दर्शनं म्हणजे सहा हात, वेदान्त म्हणजे मोदक, आणि मोडका दात म्हणजे खंडन झालेलं बौद्ध मत. एकेक अवयव मोजून लावलेला, कुठेही संदिग्धता नाही.

याहून लांबलचक उदाहरण भागवताच्या चौथ्या स्कंधात आहे. नारद प्राचीनबर्ही राजाला पुरंजनाची गोष्ट सांगतात. नऊ दारांचं नगर, राणी पुरंजनी, पाच फण्यांचा राखणदार नाग. चंडवेग नावाचा गंधर्व ३६० गंधर्व आणि ३६० गंधर्वी घेऊन चालून येतो. कालकन्या नगरात शिरते. राजाला काही उमगत नाही. मग नारद पुढच्या अध्यायात कोडं उलगडतात: नगर म्हणजे देह, नऊ दारं म्हणजे शरीराची छिद्रं, पुरंजनी म्हणजे बुद्धी, नाग म्हणजे पंचप्राण, चंडवेग म्हणजे वर्ष, गंधर्व-गंधर्वी म्हणजे त्याचे दिवस आणि रात्री, कालकन्या म्हणजे म्हातारपण.

रूपक मानायला असा पुरावा लागतो. पोथीने किल्ली दिली असेल, किंवा नावं आणि आकडे इतके उघड असतील की दुसरा अर्थ बसूच नये. यातलं काहीच नसताना ‘दहा तोंडांचा रावण म्हणजे दहा विकार’ म्हणणं हे प्रवचनकाराचं कौशल्य झालं. ते ऐकायला छान वाटतं आणि उपयोगीही असतं, पण तो वाल्मीकीचा अभिप्राय आहे असं म्हणता येत नाही.

एकच कुरुक्षेत्र, टिळकांचं आणि गांधींचं

हा फरक सगळ्यात चांगला गीतेवर दिसतो. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेलं आणि १९१५ मध्ये छापलेलं टिळकांचं गीतारहस्य सुरुवातीलाच विचारतं, ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं कसं? उत्तरादाखल टिळक मीमांसकांचीच सहा लक्षणं पुढे ठेवतात: आरंभ आणि शेवट जुळतो का, पुन्हा पुन्हा काय सांगितलंय, नवं काय आहे, फळ काय, स्तुती कशाची, युक्तिवाद कशासाठी. आरंभी अर्जुन ‘लढणार नाही’ म्हणतो, शेवटी ‘करिष्ये वचनं तव’ म्हणतो आणि लढतो. मग तात्पर्य संन्यास कसं असेल? कर्मयोगच.

गांधींनी गीतेच्या आपल्या गुजराती भाषांतराच्या प्रस्तावनेत वेगळं मत दिलं: हे युद्ध माणसाच्या हृदयात चाललेलं आहे, बाहेरचं युद्ध हे निमित्त.

कोणाचं बरोबर? सहा लक्षणं लावली तर टिळकांचं पारडं जड आहे. पहिल्या अध्यायात योद्ध्यांची नावं आहेत, कुणी कोणता शंख फुंकला तेही आहे. रूपक सांगणारा कवी एवढा तपशील किल्लीशिवाय सोडत नाही. पण गांधींचा अर्थ हवेतला म्हणता येणार नाही. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी कृष्णच म्हणतो, ‘जहि शत्रुं महाबाहो कामरूपं दुरासदम्’, कामरूपी शत्रूला मार. आतला शत्रू पोथीतच आहे. फक्त त्याच्यासाठी बाहेरचं रणांगण पुसून टाकायची परवानगी पोथी देत नाही. कठोपनिषदातला रथ मात्र पूर्ण रूपक आहे, कारण शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे हे तिथे स्पष्ट लिहिलंय. दोन्हीकडे रथ आणि सारथी आहेत, म्हणून दोन्हीकडे एकच नियम लागत नाही.

आकडे जुळले की सिद्ध झालं?

‘जुग सहस्र जोजन पर भानू’ या हनुमान चालिसेतल्या ओळीत सूर्याचं अंतर दडलंय, हा फॉरवर्ड न आलेला मोबाइल मुंबईत सापडणं कठीण. हिशोब असा: युग १२,०००, सहस्र १,०००, योजन ८ मैल. गुणाकार ९ कोटी ६० लाख मैल, म्हणजे सुमारे १५.४ कोटी किलोमीटर. खरं सरासरी अंतर १४.९६ कोटी. जवळपास जुळलं की!

जुळलं, कारण तीनपैकी दोन आकडे जुळावेत म्हणून निवडले. १२,००० ही चतुर्युगाची, म्हणजे चार युगांच्या फेऱ्याची, दिव्य (देवांच्या हिशोबातली) वर्षं. वर्षांना योजनांनी गुणायचं कारण काय? त्याच चतुर्युगाची मानवी वर्षं ४३,२०,००० घेतली तर अंतर ३,४५६ कोटी मैल होतं. योजनही ठरलेलं नव्हतं. आर्यभट पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं देतो, सूर्यसिद्धान्त हा खगोलशास्त्राचा जुना ग्रंथ १,६००; म्हणजे एकाचं योजन सुमारे १२ किलोमीटर, दुसऱ्याचं ८. मोठी गोष्ट अशी की ज्यांनी खरोखर गणित केलं त्यांचं उत्तर उपलब्ध आहे. सूर्यसिद्धान्तात सूर्याच्या कक्षेचा परीघ ४३,३१,५०० योजनं आहे, त्यावरून अंतर सुमारे ६.९ लाख योजनं येतं. फॉरवर्डमधल्या १ कोटी २० लाख योजनांहून ते सतरापटीने कमी. विष्णुपुराण तर सूर्य पृथ्वीपासून एक लाख योजनं वर आणि चंद्र त्याच्याही वर एक लाख योजनं सांगतं. तुळशीदासांना काय सांगायचं होतं? एवढ्या दूरच्या सूर्याला बाळ हनुमानाने गोड फळ समजून गिळलं. चौपाईची पुढची ओळ तेच म्हणते. ‘खूप दूर’ एवढाच अर्थ तिथे पुरतो.

‘रूपक म्हणणं म्हणजे श्रद्धेला धक्का’

मग सातव्या शतकातल्या कुमारिल भट्टाला काय म्हणायचं? वेदप्रामाण्यासाठी बौद्धांशी वाद घातलेला हा कडवा मीमांसक. इंद्र-अहल्येच्या कथेवर तो म्हणतो, इंद्र म्हणजे सूर्य, अहल्या म्हणजे रात्र. सूर्य उगवला की रात्र क्षीण होते, म्हणून तो तिचा ‘जार’ (या शब्दाचे ‘क्षीण करणारा’ आणि ‘चोरटा प्रियकर’ असे दोन्ही अर्थ होतात). रूपक हे सश्रद्धांचंच हत्यार होतं. तिकडे तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने विचारलं होतं, सूर्यच नसताना बायबलातल्या सृष्टीनिर्मितीचे पहिले तीन दिवस कसे झाले? बाराव्या शतकात इब्न रुश्द या मुस्लिम तत्त्वज्ञाने नियम घातला, की पक्क्या प्रमाणाशी धर्मवचनाचा वरवरचा अर्थ भिडला तर अरबी भाषेच्या नियमांत राहून दुसरा अर्थ घ्यावा. मम्मटाच्या पहिल्या दोन अटी जवळजवळ याच.

‘मग राम-कृष्ण झालेच नाहीत का?’

हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची साधनंही वेगळी: शिलालेख, नाणी, उत्खनन. पुराणं म्हणतात की गंगेने हस्तिनापूर वाहून नेल्यावर निचक्षू राजाने राजधानी कौशाम्बीला हलवली. हे वाक्य तपासता येण्यासारखं आहे. १९५०-५२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी हस्तिनापूर खणलं तेव्हा पुराच्या खुणा सापडल्या. त्यावरून पूर आला एवढं कळतं. द्रौपदीची वस्त्रं त्यातून सिद्ध होत नाहीत आणि असिद्धही होत नाहीत. विदिशेजवळ ग्रीक राजदूत हेलिओडोरसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारलेला गरुडस्तंभ वासुदेवाची, म्हणजे कृष्णाची, भक्ती तेव्हा होती हे दाखवतो. गोवर्धनाबद्दल तो काही बोलत नाही. आपल्या वाळकेश्वरला बाणगंगेचं पाणी समुद्राला खेटून असूनही गोडं आहे, त्यावरून तिथे गोड्या पाण्याचा झरा आहे हे कळतं. रामाच्या बाणाने तो फुटला ही स्थळकथा आहे; तीर्थाचं माहात्म्य सांगणं हे तिचं काम.

‘रूपक ही पळवाट आहे’

या आक्षेपात मात्र दम आहे. कुमारिलाने अहल्येला रात्र केलं तेव्हा एक अवघड नैतिक प्रश्नही त्याबरोबर मावळला. एकलव्याचा अंगठा किंवा शंबूकाचा वध ‘प्रतीकात्मक’ म्हणून सोडून देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, की या कथा शतकानुशतकं माणसांना त्यांची जागा दाखवायला वापरल्या गेल्या आणि तो वापर प्रतीकात्मक नव्हता.

म्हणूनच महाराष्ट्रात तिसरी वाट निघाली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’ या पुस्तकात जोतीराव फुल्यांनी दशावतार हा दडवलेला इतिहास म्हणून वाचला: मत्स्य म्हणजे माशासारख्या लहान होड्यांतून आलेल्यांचा म्होरक्या, बळी म्हणजे इथला प्रजापालक राजा. तपशिलात हे जुळवणं टिकत नाही, मत्स्याच्या होड्यांना पोथीत आधार नाही. पण कथा कुणाच्या बाजूने सांगितली आहे, हा त्यांचा प्रश्न पक्का आहे. डॉ. आंबेडकरांनी १९५७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेल्या बुद्धचरित्रात म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी ही चार दर्शनं नाकारली. २९ वर्षांच्या माणसाला तोवर यातलं काही दिसलंच नसेल, हे बुद्धीला पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. सरळ अर्थ अडला, पण ते रूपकाकडे वळले नाहीत. शाक्य आणि कोलीय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या तंट्यात त्यांनी गृहत्यागाचं कारण पाहिलं.

फॉरवर्ड आला तर

ग्रंथाचं नाव, अध्याय आणि श्लोक आहे का ते आधी बघा. ‘शास्त्रात म्हटलंय’ एवढंच असेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका. संदर्भ दिला असेल तर मूळ अध्याय भाषांतरासह उघडा आणि त्या श्लोकाच्या आधीचे पाच, नंतरचे पाच वाचा. बहुतेक दावे इथेच गळतात. मग पाहा, ही कृती आहे की कथा: माप, साहित्य, क्रम आणि बिघाड यांतलं काही आहे का? कथा असेल तर शेवटी व्रत, दान, तीर्थ, निषेध असं काही सांगितलंय का? रूपक म्हणत असतील तर किल्ली कुणी दिली, पोथीने की पाठवणाऱ्याने? आकडे असतील तर तोच आकडा दुसऱ्या जुन्या ग्रंथात काय आहे ते शोधा. एवढं करायला अर्धा-पाऊण तास लागतो. चर्चगेटहून बोरिवलीची स्लो पकडली असेल तर बसायला जागा मिळालेली बरी, कारण पोथ्यांच्या पीडीएफ फार बारीक अक्षरात असतात.